डार्विनची वाळूची पायवाट

उत्क्रांतिवादाचा जनक म्हणून जगाला ठाऊक असलेला चार्ल्स डार्विन हा गर्दीत फार काळ रमणारा गृहस्थ नव्हता. १८०९ मध्ये जन्मलेला आणि ‘बीगल’ जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणा करून १८३६ मध्ये परतलेला हा तरुण निसर्गशास्त्रज्ञ लंडनच्या विद्वत्सभांत वावरू लागला खरा. भूवैज्ञानिक संस्थेचे चिटणीसपदही त्याने सांभाळले. परंतु मेजवान्या आणि रंगलेल्या चर्चा यांचा शीण त्याला सोसेना. नंतर अंग थरथरू लागे, उलट्या होत. या आजाराच्या कारणाविषयी वैद्यांत आजही एकमत नाही. तेव्हा सारे खापर भिडस्त स्वभावावर फोडणे योग्य नव्हे.

१८४२ मध्ये तो सहकुटुंब केंट परगण्यातील डाऊन या खेड्यात राहावयास गेला. लंडन जेमतेम २५ किलोमीटरवर होते. तरी घराशेजारचा रस्ता त्याने खणून खाली घेतला, भिंत उभारली आणि येणारा पाहुणा आधीच दिसावा म्हणून खिडकीबाहेर आरसा लावला!

याला कोणी माणूसघाणेपणा म्हणेल. पण ते अन्यायाचे होईल. हूकर, लायेल यांसारखे स्नेही त्याच्या घरी मुक्कामाला येत. तो मनापासून गप्पा मारी. मात्र थोड्याच वेळाने उठून विश्रांतीसाठी आपल्या खोलीत जाई. त्याने लिहिलेली आणि त्याला आलेली मिळून सुमारे १५ हजार पत्रे आज ज्ञात आहेत. माणसे त्याला हवी होती. फक्त ती बेताबेताने भेटावीत, एवढेच.

१८४६ मध्ये त्याने शेजाऱ्याकडून जमिनीचा एक लहान तुकडा भाड्याने घेतला, तेथे झाडे लावली आणि भोवताली वाळू-खडीची पायवाट केली. दुपारच्या जेवणापूर्वी तो तेथे फेऱ्या घाली. वळणावर गारगोट्या रचून ठेवलेल्या असत. प्रत्येक फेरीला एक गारगोटी लाथेने बाजूला सारायची, म्हणजे मोजण्यात मन गुंतत नसे. १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मागील चिंतनाचा मोठा भाग या वाटेवरचा आहे. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डला त्यावर गाजलेला वाद झाला, तेव्हा ग्रंथकर्ता जलोपचारांसाठी दुसरीकडेच होता. त्याची बाजू लढवली हक्सले आणि हूकर यांनी.

१९ एप्रिल १८८२ रोजी तो डाऊनच्या घरीच निवर्तला. गावच्या दफनभूमीतच विसावण्याची त्याची इच्छा होती. मित्रांच्या आग्रहाखातर २६ एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये मान्यवरांच्या गर्दीत त्याचा दफनविधी झाला. पत्नी एमा मात्र डाऊनलाच थांबली.