लंडनच्या आजीबाईंची खाणावळ

बचत गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज भरताना व्यवसायाचा रकाना आला की आपल्या बायका थबकतात. काय येतं, असं विचारलं तर बहुतेकींचं उत्तर एकच असतं, मला काहीच येत नाही, नुसता स्वयंपाक येतो. मैत्रिणींनो, या ‘नुसत्या’ शब्दावर आज थोडं बोलायचं आहे. कारण ज्यांना खरोखरच शाळेतलं काही येत नव्हतं, त्या आपल्याच मराठी मुलखातल्या एका बाईंनी या स्वयंपाकाच्या बळावर थेट लंडनमध्ये बस्तान बसवलं होतं. त्यांचं नाव राधाबाई बनारसे. लंडनमधली मराठी माणसं त्यांना आजीबाई म्हणत.

आजीबाईंचा जन्म विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यातला. खेड्यातलं शेतकरी घर. मुलीच्या जातीला शाळा कशाला, असं मानण्याचा तो काळ, त्यामुळे अक्षरओळख झालीच नाही. लहान वयात लग्न झालं. एकामागून एक पाच मुली झाल्या आणि अगदी तरुणपणीच नवरा वारला. त्या काळातली विधवा, वर पदरात पाच मुली. तिच्या वाट्याला काय येत असेल ते आपल्याकडच्या जुन्या बायकांना सांगायला नको. विधवेचं लग्न कायद्याने 1856 सालीच मान्य झालं होतं, पण कायदा कागदावर आणि समाज त्याच्या जागी. तरीही राधाबाईंचं दुसरं लग्न झालं. नवरा लंडनला राहणारा, सीतारामपंत बनारसे. दुसरं महायुद्ध सरण्याच्या सुमाराला या बाई बोटीने साता समुद्रापार गेल्या. भाषा येत नाही, वाचता येत नाही, अंगावर नऊवारी, आणि समोर लंडन.

ते लंडन म्हणजे आपण सिनेमात पाहतो ते चकचकीत शहर नव्हे. बॉम्बहल्ल्यांनी हजारो घरं जमीनदोस्त झालेली, राहायला जागा मिळत नव्हती. खायच्या वस्तू रेशन कार्डावर. युद्ध 1945 ला संपलं, पण तिथलं रेशनिंग पुरतं उठायला 1954 साल उजाडलं. साखर 1953 पर्यंत मोजून मिळत होती. मधली दोन वर्षं तर पावसुद्धा रेशनवर होता. अशा ठिकाणी मसाला कुठला, डाळ कुठली आणि तूप कुठलं! त्यात कडाक्याची थंडी.

लग्नानंतर काही वर्षांतच सीतारामपंत वारले. राधाबाईंच्या कपाळी दुसऱ्यांदा वैधव्य आलं आणि तेही परमुलखात. माघारी फिरून माहेरच्या आधाराला जाणं हा एक रस्ता होता. त्या फिरल्या नाहीत. त्यांनी माणसं घरात ठेवून घ्यायला आणि त्यांना जेवू घालायला सुरुवात केली. आपल्या भाषेत सांगायचं तर खाणावळ आणि राहण्याची सोय.

हा धंदा चालला कसा, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. त्या काळात शिकायला किंवा नोकरीला लंडनला गेलेल्या आपल्या मुलांपुढे दोन अडचणी असत. एक म्हणजे खोली मिळत नसे. काळ्या-सावळ्या माणसाला जागा देणार नाही, असं घरमालक सरळ पाटी लावून सांगत. घर नाकारताना असा भेदभाव करायला कायद्याने बंदी आली ती 1968 साली. दुसरी अडचण पोटाची. उकडलेला बटाटा आणि पाव खाऊन मुलं कंटाळत. जो मांस खात नाही त्याचे तर हालच. आता पाहा, आजीबाई स्वतः परक्या होत्या, म्हणूनच परक्याची गरज त्यांना ओळखता आली. इंग्रज घरमालकिणीला जे सुचलं नसतं ते या निरक्षर बाईला कळलं, की वरणभात, पोळी-भाजी मिळणारी आणि रंग न विचारता मिळणारी खोली, याला इथे गिऱ्हाईक आहे. जाहिरातीची गरजच नव्हती. एका मुलाने दुसऱ्याला सांगायचं आणि दुसऱ्याने इकडून बोटीत बसणाऱ्या तिसऱ्याला कळवायचं.

आता हिशोबाचं बघू. तेव्हाचं इंग्लंडचं नाणं मोठं गुंतागुंतीचं. 12 पेन्सांचा 1 शिलिंग, 20 शिलिंगांचा 1 पाउंड. दहाच्या पटीतला सोपा पाउंड आला 1971 मध्ये. पण आपल्याकडेही 1957 पर्यंत रुपयाचे 16 आणे आणि आण्याच्या 12 पै होत्याच. बाजारहाट करणाऱ्या आपल्या आज्या हा हिशोब बोटाच्या पेरांवर करत. अक्षर न येणं म्हणजे हिशोब न येणं नव्हे, हे आपण फार लवकर विसरतो.

अशा धंद्यात आठवड्याचं भाडं आणि जेवणाचे पैसे मिळून रक्कम ठरते. त्यातून कोळसा, गॅस, किराणा वजा जातो. उरलं ते मालकिणीचं. पण ते उरतं कधी? जेव्हा ती आपल्या पहाटेपासूनच्या राबण्याचं मोल त्या रकमेत धरते तेव्हा. आजीबाईंनी उरलेला पैसा दागिन्यांत अडकवला नाही. त्यांनी घरं घेतली. एका घराच्या कमाईतून पुढचं घर, असं करत लंडनसारख्या शहरात त्या बारा घरांच्या मालकीण झाल्या. परदेशातून गेलेली, विधवा, निरक्षर बाई आणि नावावर बारा घरं! हे वाचून छाती दडपते खरी, पण सुरुवात ताटापासून आहे हे लक्षात ठेवायला हवं.

उत्तर-पश्चिम लंडनमधल्या गोल्डर्स ग्रीन भागातलं हूप लेन हा त्यांचा पत्ता मराठी माणसांत माहितीचा झाला. तो भागही बघण्यासारखा. हिटलरच्या छळातून जीव वाचवून आलेले कितीतरी ज्यू तिथे वसले होते. म्हणजे परक्यांच्या वस्तीत एक परकी मराठी बाई. आजीबाईंच्या घरात साईबाबांचं देवस्थान होतं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 साली स्थापन झालं, पण त्याला स्वतःची वास्तू मिळाली ती 1988 मध्ये. मधल्या काळात मंडळाच्या माणसांना आजीबाईंच्या घराचा मोठा आधार होता. महाराष्ट्रातून गेलेल्या नामवंतांचे पायही त्या घराला लागले. धंदा त्यांनी चोख केला, पण दारी आलेला उपाशी जाऊ नये हा विदर्भातल्या घरचा संस्कारही सोडला नाही. 1983 साली त्या लंडनमध्येच वारल्या. पुढे सरोजिनी वैद्य यांनी ‘कहाणी लंडनच्या आजीबाईंची’ हे त्यांचं चरित्र लिहिलं, आणि ज्या बाईला स्वतःला वाचता येत नव्हतं तिची गोष्ट घराघरांत वाचली गेली. त्यावर नाटकही आलं.

आता तुम्ही म्हणाल, लंडन कुठे आणि आपला बीड जिल्हा कुठे. पण परका मुलूख आपल्याला नवा आहे का? दर दिवाळीच्या आसपास आपल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूरच्या वाड्या-तांड्यांवरून कितीतरी बायका ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. कोपीत चूल मांडतात, पहाटे स्वयंपाक उरकून फडात उतरतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो. अर्धा कोयता तिचा, पण उचल बहुतेक नवऱ्याच्या हाती पडते आणि किती उचलली, किती फिटली हे तिला पुष्कळदा ठाऊकही नसतं. कष्टात आपण आजीबाईंच्या तसूभरही मागे नाही. फरक आहे तो हिशोब कुणाच्या हातात आणि मालमत्ता कुणाच्या नावावर, इथे.

दुसरं उदाहरण. मुलांच्या क्लाससाठी आपल्याकडच्या आया लातूरला खोली करून राहतात. त्यातल्या काहीजणी आपल्या लेकराबरोबर आणखी चार लेकरांचे डबे करतात. ही आजीबाईंचीच वाट आहे. मात्र दर ठरवताना तेल, पीठ, गॅस धरला जातो आणि स्वतःची मजुरी धरली जात नाही. मग महिनाअखेरीला हातात काही उरत नाही आणि धंदा परवडत नाही म्हणून बंद होतो.

कुणाची लेक-सून आज परदेशात असेल तर तिला एक मात्र सांगा. आजीबाईंच्या काळात राष्ट्रकुलातल्या माणसाला ब्रिटनमध्ये राहायला, धंदा करायला मोकळीक होती. 1962 पासून ती कमी होत गेली. आता आपल्या व्हिसावर स्वतःचा धंदा करता येतो का, हे आधी बघावं लागतं. ब्रिटनमध्ये घरून खाद्यपदार्थ विकायचे तरी निदान 28 दिवस आधी तिथल्या पालिकेकडे नोंदणी लागते. इकडे आपल्यालाही अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी चुकत नाही. आणि हो, घर घ्यायची वेळ आली तर महाराष्ट्रात 2021 पासून बाईच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, ते घरात जरूर बोलून दाखवा.

या महिन्यात एक काम करून बघा. एका वहीत आपल्या एका ताटाला काय खर्च येतो ते मांडा. लिहिता येत नसेल तर लेकराकडून लिहून घ्या. पीठ, तेल, भाजी, गॅस लिहून झाला की शेवटच्या ओळीत आपली मजुरी लिहा. ती ओळ रिकामी सोडू नका.