विश्लेषण : अ‍ॅस्पिरिनचे फेलिक्स हॉफमन आणि पोटाचा जुना प्रश्न

वर्षानुवर्षे अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांना पोटाच्या कर्करोगाची धास्ती वाटते. पण हे औषध पोटाचा त्रास वाचवण्यासाठीच शोधले गेले, असे सांगतात.

फेलिक्स हॉफमन यांचा जन्म १८६८ मध्ये जर्मनीतील लुडविग्सबुर्ग येथे झाला. रसायनशास्त्र शिकून १८९४ मध्ये ते बायर कंपनीत लागले. वडील संधिवाताने बेजार. त्यावरचे सोडियम सॅलिसिलेट त्यांच्या पोटाला सोसत नव्हते. म्हणून हॉफमन यांनी सौम्य पर्याय शोधला आणि १० ऑगस्ट १८९७ रोजी शुद्ध, टिकाऊ अ‍ॅसिटिल सॅलिसिलिक आम्ल तयार केले. त्याच महिन्यात त्यांनी हेरॉइनही बनवले, खोकल्याचे औषध म्हणून!

वडिलांची ही गोष्ट छापून आली ती मात्र १९३४ मध्ये. हे काम आपल्या सूचनेवरून झाले, असा दावा सहकारी आर्थर आयशेनग्रून यांनी १९४९ मध्ये केला. ते ज्यू होते, नाझींच्या छळछावणीत राहून आले होते. बायरला हा दावा मान्य नाही. पण तो सहज झटकण्यासारखाही नाही.

कंपनीतील औषधतज्ज्ञ हाइनरिक ड्रेझर यांना सुरुवातीला ही गोळी हृदयाला घातक वाटली. अखेर १८९९ मध्ये ती अ‍ॅस्पिरिन नावाने आली. आज ती हृदयविकाराच्या रुग्णांनाच दिली जाते.

पोटाचे काय?

१९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवले, की अ‍ॅस्पिरिन शरीरातील प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही. त्यामुळे वेदना कमी होतात. पण जठराच्या अस्तराचे रक्षणही हेच द्रव्य करते. म्हणून व्रण आणि रक्तस्राव होऊ शकतो. शौचास डांबरासारखी काळी होत असेल तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

कर्करोगाचे चित्र वेगळे आहे. जठराच्या कर्करोगाचे मोठे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा संसर्ग. दीर्घकाळ अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत हा कर्करोग उलट कमी आढळल्याचे अनेक निरीक्षणात्मक अभ्यास सांगतात. मात्र तो गोळीचाच परिणाम, हे त्यातून सिद्ध होत नाही आणि रक्तस्रावाचा धोका खरा आहे, वयाबरोबर वाढणारा. त्यामुळे कर्करोग टाळायला गोळी स्वतःहून सुरू करू नये आणि हृदयासाठी दिलेली भीतीने बंदही करू नये.

हॉफमन पुढे बायरच्या औषधविक्री विभागात गेले, १९२८ मध्ये निवृत्त झाले आणि १९४६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारले. आपली गोळी पोटाला का बाधते, हे कळायला तेव्हा आणखी २५ वर्षे होती.