रुग्णसेविका सावित्रीमाई

सावित्रीमाई फुले यांचे नाव आपण दरवर्षी ३ जानेवारीला आदराने घेतो, ते बहुधा पाटी-पुस्तकाच्या संदर्भात. सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे १८३१ मध्ये जन्मलेल्या या माउलीने १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकविले, हे सर्वविदित आहे. त्यांच्या रुग्णसेवेची चर्चा मात्र कमी होते. सानगडी परिसरातील ज्या मुली ए.एन.एम. वा जी.एन.एम.चे शिक्षण घेऊ इच्छितात, त्यांच्यासाठी तरी ती सांगितली पाहिजे.

१८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीमाई यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसविल्या गेलेल्या विधवांना तेथे गुप्तपणे व सुरक्षित बाळंत होता येई. त्या बहुतांशी ब्राह्मण घरांतील होत्या. ज्या सनातन्यांनी सावित्रीमाईंवर शेण फेकले, त्यांच्याच समाजातील लेकीसुनांची बाळंतपणे त्यांनी केली. तेथे आलेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, त्याचे नाव यशवंत ठेवले आणि त्यास डॉक्टर केले.

१८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग लवकरच पुण्यास पोहोचला. उंदरांवरील पिसवांमुळे तो पसरतो, हे तोवर कोणी दाखवून दिले नव्हते. भीतीपोटी लोक रोगी लपवीत. अस्पृश्य वस्तीत तर वैद्याचे पाऊल दुर्लभच! जोतीराव १८९० मध्येच निवर्तले होते. सावित्रीमाईंनी यशवंतास बोलावून घेतले आणि हडपसरनजीक ससाणे यांच्या मळ्यात, वस्तीपासून दूर, दवाखाना सुरू केला. औषधोपचार यशवंत करी. रोगी शोधून आणणे, त्यांची शुश्रूषा करणे हे काम सहासष्ट वर्षांच्या या आईचे. रोगी दारी येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. आज आरोग्यसेविका घरोघरी जाते, त्याहून हे वेगळे काय होते? पगार नव्हता, प्रशिक्षण नव्हते, एवढेच. परिचारिकांच्या रीतसर शिक्षणाची वाट पुण्यात पुढे रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने रुळविली.

मुंढवा येथील महारवाड्यात पांडुरंग गायकवाड यांच्या मुलास प्लेगची गाठ आल्याचे कळताच सावित्रीमाई तेथे गेल्या आणि त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला. सावित्रीमाईंना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

डॉ. यशवंत यांनी रुग्णसेवा सोडली नाही. प्लेग पुन्हा उसळला तेव्हाही ते रोग्यांमध्येच होते. १९०५ मध्ये त्यांनाही त्याच रोगाने नेले.