नळ आणि गटार : रणछोडलाल छोटालाल यांचे अहमदाबाद

भारतातील स्थानिक स्वराज्याचा इतिहास सांगताना आपण बहुधा लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावापासून आरंभ करतो आणि १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीपाशी थांबतो. या दोन टोकांच्या दरम्यान ज्यांनी एखादे शहर प्रत्यक्ष चालवले, त्यांची नावे त्या कथनात क्वचितच येतात. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आणि पुढे प्रशासकीय सेवेत आयुष्य घालवलेला माणूस म्हणून मला अशा नावांत रावबहादूर रणछोडलाल छोटालाल यांचे नाव अग्रभागी ठेवावेसे वाटते. गुजरातेत ते अहमदाबादच्या कापड गिरणी उद्योगाचे जनक म्हणून सर्वपरिचित आहेत. परंतु त्या शहराच्या नगरपालिकेचे पहिले भारतीय अध्यक्ष म्हणून त्यांनी जे केले, ते माझ्या मते गिरणी उभारण्याहून अधिक कठीण होते.

रणछोडलाल यांचा जन्म १८२३ चा, अहमदाबादच्या नागर ब्राह्मण कुटुंबातला. परंपरेने कारभारी आणि लेखणीचा हा समाज. व्यापार आणि सावकारी ही जैन व वैष्णव वाण्यांची मिरास. रणछोडलालही प्रथम सरकारी नोकरीतच शिरले आणि संस्थानी मुलखात वरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. लाच घेतल्याच्या आरोपावरून १८५० च्या दशकात त्यांना ही नोकरी गमवावी लागली. सरकारी सेवेत असा डाग लागणे म्हणजे काय, हे त्या सेवेत राहिलेल्यांना वेगळे सांगावे लागत नाही. बहुतेक माणसे त्यानंतर अर्ज-विनंत्यांत उरलेले आयुष्य घालवतात. रणछोडलाल यांनी मात्र गिरणीच्या आपल्या जुन्या कल्पनेला हात घातला.

शहरातील धनिकांनी ती कल्पना आधी एकदा नाकारली होती. अखेर भांडवल जमले आणि यंत्रांची मागणी दादाभाई नौरोजी यांच्यामार्फत इंग्लंडमध्ये नोंदवली गेली. पहिली यंत्रसामग्री समुद्रातच नष्ट झाली, तेव्हा ती पुन्हा मागवावी लागली. रेल्वे अहमदाबादला पोहोचली १८६४ मध्ये. त्याआधीच ही अवजड यंत्रे खंभातच्या बंदरावर उतरवून बैलगाड्यांनी शहरात आणली गेली आणि १८६१ च्या मे महिन्यात गिरणी सुरू झाली. दीर्घ मुदतीच्या कामात पैसा अडकवण्याची आणि फळाची वाट पाहण्याची सवय त्यांना येथे लागली असावी. नगरपालिकेत तीच उपयोगी पडली.

१८८३ मध्ये ते नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीचे प्रमुख झाले आणि १८८५ मध्ये सरकारने त्यांना अध्यक्ष नेमले. हे पद त्यांना निवडणुकीने मिळालेले नव्हते, याची नोंद घेतली पाहिजे. त्यांच्यासमोरचे शहर तटबंदीच्या आत, पोळांच्या अरुंद गल्ल्यांत दाटीने वसलेले होते. १८९१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४८ हजार भरली. घरोघर विहिरी होत्या, पण त्यांतील बहुतेकांचे पाणी मचूळ. सधन वाड्यांच्या चौकाखाली पावसाचे पाणी साठवण्याची टाकी असे. गरिबाला तीही सोय नव्हती. सांडपाणी आणि मैला जात असे घराखालच्या वा दाराशीच्या शोषखड्ड्यांत, ज्यांना तेथे खाळकुवे म्हणत. विहीर आणि खाळकुवा यांच्यात अनेकदा काही हातांचेच अंतर. पटकी आणि ताप अशा शहरात पाहुणे म्हणून येत नाहीत. ते तेथे मुक्कामालाच असतात.

रणछोडलाल यांनी दोन कामे हाती घेतली: साबरमतीचे पाणी नळाने घरोघर पोहोचवणे आणि भूमिगत गटारे बांधणे. ही दोन कामे एकत्रच केली पाहिजेत, हे त्यांना उमगले होते. नळ आला की घरातला पाण्याचा वापर वाढतो; ते पाणी वाहून नेणारी गटारे नसतील तर खाळकुवे ओसंडतात, जमीन ओलसर होते आणि आरोग्य सुधारण्याऐवजी बिघडते. आजही आपल्या अनेक योजनांत नळजोडण्यांचे आकडे अभिमानाने सांगितले जातात आणि सांडपाण्याचा रकाना कोरा राहतो. तो धडा तेव्हाच उपलब्ध होता.

या योजनांना मोठा विरोध झाला आणि त्यात शहरातील प्रतिष्ठित पुढे होते. सभा भरल्या, सरकारकडे अर्ज गेले. नळाचे पाणी सोवळ्याला चालेल का, अशा शंका त्या काळी देशातील अनेक शहरांत निघाल्या. गटारांतील वायूची भीती होती आणि जमिनीखालचे काम पेलेल का, हाही प्रश्न होता. परंतु विरोधाचे मूळ पैशात होते. नगरपालिकेचे मुख्य उत्पन्न जकातीचे. जकात धान्यावर, तुपावर, सरपणावर बसते. ती सर्वांच्या खिशातून थोडी थोडी जाते आणि म्हणून कोणाला फारशी बोचत नाही, जरी उत्पन्नाच्या मानाने गरीबच तिचा भार अधिक सोसतो. नळ-गटारांसाठी मात्र कर्ज काढावे लागणार होते आणि ते फेडण्यासाठी घरांवर प्रत्यक्ष कर बसणार होता. ज्यांच्या वाड्यांत पाण्याची टाकी होती, त्यांनी शेजारच्या गल्लीतील माणसाच्या पाण्यासाठी कर का द्यावा, हा या वादाचा खरा गाभा होता.

विरोधक ज्या वर्गाचे होते, त्याच वर्गात रणछोडलाल यांचे भागीदार, स्नेही आणि ग्राहक होते. अध्यक्षपदातून त्यांना मिळवण्यासारखे फारसे काही नव्हते आणि गमावण्यासारखे पुष्कळ होते. तरी ते मागे हटले नाहीत. साबरमतीच्या काठी दुधेश्वर येथील जलकेंद्रातून १८९१ मध्ये शहराला नळाचे पाणी मिळू लागले. गटारांचे काम त्याच सुमारास शहराच्या एका भागापासून सुरू झाले आणि अतिशय संथ गतीने पुढे सरकले. १८९८ मध्ये रणछोडलाल निवर्तले, तेव्हा ते पुष्कळच अपुरे होते.

त्यांचे मूल्यमापन करताना उणिवा झाकण्याचे कारण नाही. ज्या अधिकाराच्या बळावर त्यांनी विरोध मोडून काढला, तो सरकारी नेमणुकीतून आला होता. मतदारांना सामोरे जावे लागले असते, तर या योजना कदाचित मंजूर झाल्या नसत्या. हे सत्य लोकशाहीवाद्यांना अस्वस्थ करणारे आहे आणि ते तसे करायलाही हवे. दुसरे असे की, ज्या गिरण्यांनी शहराला संपत्ती दिली, त्यांतील मजुरांच्या चाळी तटाबाहेर वाढत गेल्या आणि त्यांच्या वाट्याला पाणी व गटारे सर्वांत शेवटी आली. गिरणीमालक रणछोडलाल आणि नगराध्यक्ष रणछोडलाल यांची येथे पुरती गाठ पडलेली दिसत नाही.

त्यांचा वारसा पुढे वेगळ्या प्रकारच्या माणसांकडे गेला. १९१७ मध्ये वल्लभभाई पटेल याच नगरपालिकेत निवडून आले आणि १९२४ ते १९२८ या काळात तिचे अध्यक्ष होते. रणछोडलाल सरकारच्या विश्वासावर उभे होते, वल्लभभाई सरकारशी झगडत होते. पण दोघांच्या टेबलावरचे कागद पाणी, गटारे आणि कर यांचेच होते. पुढे १९९८ मध्ये अहमदाबाद महापालिकेने राज्य सरकारच्या हमीवाचून १०० कोटी रुपयांचे रोखे बाजारात आणले. देशातील कोणत्याही महापालिकेचे हे असे पहिलेच पाऊल होते, आणि तो पैसाही पाणीपुरवठा व मलनिस्सारण यांसाठीच उभारला होता. रणछोडलाल यांच्या मृत्यूला त्या वर्षी शंभर वर्षे होत होती.

आज जकात गेली आहे, घरपट्टी वाढवण्याचे धाडस क्वचितच कोणी करतो आणि बहुतेक महापालिका राज्य व केंद्राच्या अनुदानाकडे डोळे लावून बसतात. घटनादुरुस्तीने त्यांना दर्जा दिला. स्वतःच्या नागरिकांकडे कर मागण्याचे बळ कोणतीही दुरुस्ती देऊ शकत नाही. ते बळ नगरसेवकाला, महापौराला स्वतःच्या पतीवर मिळवावे लागते, तेही ज्यांच्याशी रोजचा संबंध आहे अशा माणसांची नाराजी पत्करून. जमिनीखालच्या गटाराला कोणी हार घालत नाही. ज्या शहरात मुले पटकीने मरत नाहीत, तेथे त्या न झालेल्या मृत्यूंची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. रणछोडलाल यांच्या कामाचा हिशेब अशा न नोंदलेल्या रकान्यात आहे, आणि आपल्या नगरशासनाची खरी परीक्षाही तेथेच होते.