फॅरारबाईंची शाळा आणि सरकारची तटस्थता

सावित्रीबाई फुले यांच्या अध्यापन प्रशिक्षणाशी ज्यांचे नाव जोडले जाते, त्या सिंथिया फॅरार यांचा जन्म १७९५ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमधला. चर्चच्या धर्मोपदेशकाचे वेतन गावकऱ्यांवरील करातून देण्याची तेथील प्रथा १८१९ मध्ये कायद्याने मोडली, तेव्हा त्या चोविशीत होत्या. धर्म आणि राज्यसत्ता यांची फारकत त्यांच्या मायभूमीतही अशी ताजीच होती.

१८२७ च्या अखेरीस अमेरिकन मिशनच्या अविवाहित शिक्षिका म्हणून त्या मुंबईत उतरल्या आणि मुलींच्या शाळांच्या कामाला लागल्या. मिशनला या शाळांतून अक्षरओळखीबरोबर धर्मप्रसारही अभिप्रेत होता. तो उद्देश कोणी लपविला नव्हता. कंपनी सरकारचे धोरण मात्र वेगळे. शिक्षणात धर्म मिसळल्यास लोक शाळेकडेच पाठ फिरवतील, हे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी आधीच ओळखले होते.

प्रकृतीमुळे मायदेशी गेलेल्या फॅरारबाई १८३९ मध्ये परतल्या आणि अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) स्थिरावल्या. त्याच वर्षी मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतील पारशी विद्यार्थ्यांच्या धर्मांतरावरून मोठा गहजब झाला आणि पालकांनी मुले काढून घेतली. मुलगी शिकेल, पण घरची राहील का, ही धास्ती खोटी नव्हती. अशा वातावरणात मुली मिळविणे आणि टिकविणे हेच बाईंचे खरे कर्तृत्व म्हटले पाहिजे.

जोतीराव फुले यांनी मित्रासह ही शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. प्रेरणा मिशनची, पण शाळा मिशनची नव्हे. वाचन, गणित, व्याकरण, भूगोल हा तिचा अभ्यास. पुढे तिच्या मदतीसाठी सरकारने दक्षिणा फंडातून दरमहा ७५ रुपये मंजूर केले. पेशवाईत ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या धार्मिक दक्षिणेचा पैसा शूद्राने काढलेल्या शाळेला मिळावा, यातली गंमत पुणेकरांच्या नजरेतून सुटली नसावी.

१८५४ च्या वुड यांच्या खलित्याने तडजोड काढली. मिशनच्या शाळांनाही अनुदान मिळेल, पण ते लौकिक शिक्षणासाठी. धर्माच्या तासाची चौकशी सरकारी निरीक्षकाने करायची नाही. तटस्थता म्हणावी की सोयीस्कर डोळेझाक, यावर पुढे बराच वाद झाला. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने अनुच्छेद २८ मध्ये सीमा अधिक स्पष्ट केली: पूर्णतः सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नाही आणि अनुदानित शाळेत संमतीवाचून सक्ती नाही. अज्ञान मुलाच्या बाबतीत ही संमती पालकाने द्यायची.

फॅरारबाईंनी हा वाद पाहिला, पण मिशनचे काम सोडले नाही. २५ जानेवारी १८६२ रोजी नगरमध्येच त्यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या भारतातील कामाला ३४ वर्षे झाली होती.