पडद्याआडच्या अशिलांची वकील : कॉर्नेलिया सोराबजी

वकील म्हटले की काळा डगला, भरलेले कोर्ट आणि उलटतपासणी डोळ्यांसमोर येते. दिवाणी वकिलाचे बरेचसे काम मात्र कोर्टाबाहेरच चालते. अशिलाचे म्हणणे नीट ऐकावे, कागदपत्रांचा अर्थ समजावून द्यावा, हक्क कोठवर पोचतो ते स्पष्ट सांगावे आणि त्याचे गुपित राखावे. हे काम एका स्त्रीने वकिलीचा दरवाजा बंद असतानाही वर्षानुवर्षे केले.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. बालपण बेळगाव व पुणे येथे गेले. डेक्कन कॉलेजातून शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मात्र स्त्री म्हणून नाकारली गेली. हितचिंतकांच्या मदतीने त्या ऑक्सफर्डला पोचल्या आणि १८९२ मध्ये तेथील कायद्याच्या परीक्षेस बसणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. पदवी हाती पडली ती १९२२ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी!

जमीनदार घराण्यांतील पडदानशीन विधवांना परपुरुषासमोर येता येत नसे. मग वकिलाशी बोलणार कोण? मालमत्ता नावावर असूनही कारभार इतरांच्या हाती जाई. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सने कॉर्नेलियाबाईंना नेमले. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम येथील जनानखान्यांत जाऊन त्यांनी विधवांच्या पोटगीची, वारसाहक्काची आणि मुलांच्या शिक्षणाची गाऱ्हाणी ऐकली. सुमारे सहाशे स्त्रिया व अनाथ मुलांना त्यांची मदत झाली. पगार सरकारचा आणि बाजू विधवेची, अशी ही दुहेरी कसरत होती.

१९२३ च्या कायद्याने भारतात स्त्रियांना वकिलीची वाट मोकळी झाली. पुढे कलकत्त्यात त्यांनी वकिली केली. पण तेथेही कोर्टात बोलण्यापेक्षा लेखी सल्ला देण्याचेच काम त्यांच्या वाट्याला अधिक आले. १९२९ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये निवर्तल्या.

स्वातंत्र्यचळवळीला त्यांनी विरोध केला, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. ते मत आपल्याला पटत नाही. तरी त्यांचे काम विसरता येत नाही. आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी करार, भागीदारी, तारण हे शब्द परीक्षेपुरते पाठ करतो. उद्या आपल्यासमोर कोणी कागदावर अंगठा उठवील, तेव्हा त्याला तो कागद समजला आहे का, एवढे तरी आपण विचारू ना?