विश्लेषण : जुन्या वस्तू चकचकीत कराव्यात की तशाच जपाव्यात? औंधच्या बालासाहेब पंतप्रतिनिधींनी काय केले?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आजोबांचा पितळी सेफ्टी रेझर खाली येतो, सोबत एखादा अडकित्ता किंवा काळवंडलेला तांब्या. पहिला हात जातो तो चिंचेकडे किंवा पॉलिशच्या डबीकडे. अर्ध्या तासात वस्तू लखलखते. पण तिच्यावरचा जुना मुलामा, नक्षीची धार आणि वापराच्या खुणा कायमच्या गेलेल्या असतात. जुन्याला नवे करणे आणि जुने टिकवणे यांत फरक आहे. हा फरक समजून घ्यायला सातारा जिल्ह्यातील औंधच्या टेकडीवरचे श्री भवानी वस्तुसंग्रहालय आणि ते उभारणारे संस्थानिक भवानराव ऊर्फ बालासाहेब पंतप्रतिनिधी यांचे आयुष्य उपयोगी पडते.

कोण होते बालासाहेब?

बालासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात निर्माण झालेले प्रतिनिधीपद पुढे परशुराम त्रिंबक यांच्या घराण्याकडे आले आणि औंध ही त्या घराण्याची गादी झाली. संस्थान लहान होते. जेमतेम ७२ गावे, तीही सलग नव्हती. आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत आणि कर्नाटकातील विजापूर भागात ती विखुरलेली होती. औंध, आटपाडी, कुंडल ही त्यातली ओळखीची नावे.

बालासाहेब धाकटे असल्याने गादी त्यांच्याकडे येईल अशी चिन्हे सुरुवातीला नव्हती. त्यांनी पुण्यात डेक्कन कॉलेजातून बी.ए. केले आणि वडिलांच्या हाताखाली कारभार शिकून घेतला. वडिलांनंतर थोरले बंधू, मग पुतण्या अशी गादी फिरली. पुतण्याला इंग्रज सरकारने पदावरून दूर केले आणि १९०९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, बालासाहेब राजे झाले. कारभार, चित्रकला आणि व्यायाम या तिन्हींच्या सवयी तोवर पक्क्या झाल्या होत्या.

राजाच्या हातात कुंचला कसा आला?

बालासाहेब स्वतः चित्रे काढत. रामकथेवरची त्यांची चित्रे ‘चित्र रामायण’ या नावाने १९१६ मध्ये छापली गेली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा त्यांनी एक लाख रुपयांची मदत देऊ केली. त्या आवृत्तीसाठी चित्रेही त्यांनी काढली. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले चित्रकार आणि वेदाभ्यासक श्रीपाद दामोदर सातवळेकर त्यांच्याच आश्रयाने औंधात येऊन राहिले. १९३५ मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही बालासाहेबांकडे आले.

मात्र सर्वसामान्यांमध्ये त्यांचे नाव गाजले ते सूर्यनमस्कारांमुळे. संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले आणि त्यावर पुस्तके लिहिली. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून निघाले. आज जगभर योगवर्गांत सूर्यनमस्कार घातले जातात, त्या प्रसाराच्या सुरुवातीला औंधचे नाव येते.

अजिंठ्याने कोणता धडा दिला?

बालासाहेबांना अजिंठ्याच्या चित्रांची ओढ होती. तेथील चित्रांच्या प्रतिकृती औंधच्या संग्रहात आहेत आणि १९३२ मध्ये त्यांचे अजिंठ्यावरचे सचित्र इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रतिकृती करण्याचे महत्त्व कळायचे तर अजिंठ्यात त्याआधी काय घडले ते पाहावे लागते.

रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४० च्या दशकापासून अनेक वर्षे खपून केलेल्या प्रती १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून नव्या प्रती केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. नक्कल करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश फिरवले गेले होते. ते पुढे पिवळे-तपकिरी पडले. १९२० ते २२ या काळात निजाम सरकारने इटलीहून दोन तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटू पाहणारा गिलावा सावरला आणि बरीच घाण काढली. पण त्यांनी वापरलेले लाखेचे रोगणही कालांतराने पिवळे पडले. नंतरच्या पिढ्यांना एकेक तसू रसायनाने पुसत ते काढावे लागले.

म्हणजे दोन्ही वेळा हेतू चांगला होता आणि तात्पुरता परिणामही देखणा होता, तरी नुकसान उशिरा कळले. आजच्या जतनशास्त्राचे दोन नियम अशाच अनुभवांतून आले आहेत. पहिला, जे केले ते पुढे काढून टाकता आले पाहिजे. दुसरा, गरजेपेक्षा जास्त काही करायचे नाही. प्रतिकृतीत मूळ भिंतीला हात न लावता चित्राचा ठेवा दुसरीकडे नेता येतो, हा तिचा फायदा.

संग्रहालय कसे उभे राहिले?

बालासाहेबांनी जमवलेल्या वस्तू राजवाड्यात ठेवून पाहुण्यांना दाखवता आल्या असत्या. त्यांनी मूळपीठ यमाईच्या टेकडीवर स्वतंत्र इमारत बांधली आणि १९३८ मध्ये संग्रहालय लोकांसाठी उघडले. राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे, महादेव विश्वनाथ धुरंधर यांची चित्रे, बंगाली शैलीतील कामे, हस्तिदंती कोरीवकाम, धातूच्या व लाकडाच्या वस्तू असा तो पसारा आहे. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता-बालकाचे शिल्प खटाव तालुक्यातल्या एका गावात पाहायला मिळते, याचे बाहेरच्यांना आजही आश्चर्य वाटते.

तैलचित्र, हस्तिदंत, धातू, लाकूड, कागद एका छताखाली आले की प्रत्येकाची तब्येत वेगळी सांभाळावी लागते. हस्तिदंत हवेच्या कोरडेपणाने तडकतो, कागदाला दमट हवेत बुरशी येते, तैलचित्रावरचे व्हार्निश उजेडाने आणि वयाने पिवळे पडते, तर तांब्या-पितळेवर हिरवट थर चढतो. म्हणून संग्रहालयात झिलईपेक्षा हवा, उजेड आणि धूळ यांवर लक्ष जास्त असते.

मुलामा का उडतो, घरी काय करावे?

हेच तत्त्व घरातल्या सेफ्टी रेझरला लागू पडते. किंग कॅम्प जिलेट यांना पातळ, बदलता येणाऱ्या पात्याच्या रेझरचे अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये मिळाले आणि वस्तऱ्याला पर्याय घरोघर पोहोचू लागला. जुन्या रेझरांचे अंग बहुधा पितळेचे आणि वर निकेल, चांदी किंवा सोन्याचा मुलामा असे. हा थर केसापेक्षाही कितीतरी पातळ असतो. सोन्याचा तर सर्वांत नाजूक.

चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतले आम्ल काळपट थर विरघळवते, पण तिथेच थांबत नाही. जास्त वेळ ठेवल्यास पितळेतले जस्त सुटून पृष्ठभाग तांबूस दिसतो. पॉलिशमधली बारीक पूड धातू घासूनच चकाकी आणते. भरीव पितळी तांब्याला त्याने फारसे बिघडत नाही. मुलाम्याच्या वस्तूचा मात्र दर घासणीला थोडा थोडा थर जातो आणि कडांवर पितळ उघडे पडते.

त्यामुळे कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश यांनी साबणाचा जुना थर काढावा, लगेच कोरडे करावे आणि दमट जागी ठेवू नये. हिरवी भुकटी पुन्हापुन्हा येत असेल तर मात्र तो साधा राप नसून धातू खाणारा गंज असू शकतो. अशा वेळी जाणकाराला दाखवावे. नवा मुलामा चढवता येतो, पण त्यासाठी आधी जुना खरवडावा लागतो. रोज वापरायच्या वस्तूला ते चालते. आठवण म्हणून ठेवायच्या वस्तूला झिजलेली जागा हीच तिची नोंद असते: कोणाच्या बोटांनी ती कुठे धरली, हे तिथेच दिसते.

मग बालासाहेब केवळ जुन्याचे भक्त होते का?

तसे म्हणता येत नाही. बेळगावातून जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला आणि आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगर करणाऱ्या कारखान्याला त्यांनी जागा दिली, लाकडी नांगराचा आग्रह धरला नाही.

सत्तेच्या बाबतीत तर त्यांनी जुने जवळजवळ मोडीतच काढले. १९३८ च्या अखेरीस त्यांनी प्रजेला स्वराज्य देण्याची घोषणा केली. महात्मा गांधींचा सल्ला, पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांची मेहनत यांतून राज्यघटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये लागू झाली. गावोगावच्या पंचायतींवर ती उभी होती. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंती नसलेली कैद्यांची वसाहत सुरू झाली. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा तीच.

काय बदलायचे आणि काय जसेच्या तसे ठेवायचे, याची निवड बालासाहेबांच्या कामात अशी दिसते. कारभार, तुरुंग आणि शेतीची अवजारे माणसांच्या रोजच्या उपयोगाची होती, तिथे त्यांनी नव्याला वाट दिली. कारागिरांनी घडवलेल्या वस्तूंना मात्र टेकडीवर निवारा दिला.

आज काय उरले?

मार्च १९४८ मध्ये औंध मुंबई राज्यात विलीन झाले आणि १३ एप्रिल १९५१ रोजी बालासाहेबांचे निधन झाले. संस्थान गेले, संग्रह मात्र विखुरला नाही. संग्रहालय आज राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. अनेक संस्थानांच्या वस्तू विलीनीकरणानंतर पांगल्या, हे पाहता ही लहान गोष्ट नाही. राजाने हयातीतच खासगी ठेवा सार्वजनिक केला होता, याचा तो परिणाम.

घरातल्या माळ्यावरच्या वस्तूंसाठी एवढी व्यवस्था लागत नाही. वस्तू कोणाची, कधीची, कशासाठी वापरली जाई हे चार ओळींत लिहून तिच्यासोबत ठेवले आणि चिंच लावण्याआधी ती भरीव आहे की मुलाम्याची हे पाहिले, तरी जतनाचे अर्धे काम झाले.